चिमूटभर युरिया, टोपलीभर भाजी!

घोडेगाव म्हटलं की काय आठवतं? कांदा! आणि त्याच्या पाठोपाठ जनावरांचा बाजार! नगर-संभाजीनगर हायवेवरचं नेवासे तालुक्यातलं हे गाव. शनिशिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांच्या ओळखीचं. मार्केटच्या आवारात कांद्याच्या गोण्यांची थप्पी, बाजारतळावर म्हशींची रांग. म्हणजे बघा, युरियाच्या पोत्यावर पोसलेलं पीक आणि शेणखताची चालती-बोलती फॅक्टरी, दोन्ही एकाच गावात!

पण आज आपल्याला मार्केटमध्ये नाही, घराच्या मागे जायचंय. परसात! न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू, कुंपणावर चढलेला दोडका, चार वांगी, एक वाफा मेथीचा, एक पालकाचा. आणि या वाफ्यापाशी उभं राहून घरोघरी विचारला जाणारा सवाल: घरच्या भाजीला रासायनिक खत टाकलं तर चालतं का? पोरंबाळं खातात ती!

शॉर्टमध्ये उत्तर हवंय? चालतं. मापात टाकलं तर बिनधास्त चालतं. लाँग उत्तर मात्र भलतंच चटकदार आहे. त्यात समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेवरून झालेली लढाई आहे, अंतराळातलं सॅलड आहे आणि रडवणाऱ्या कांद्याचं सिक्रेटही आहे. चला, घ्या खुरपं!

मुळांना ब्रँड कळत नाही

माहीत आहे का? पालकाच्या मुळाला शेण आणि युरिया यांतला फरक कळतच नाही! मुळं नत्र घेतात ते मुख्यतः दोन रूपांत, नायट्रेट आणि अमोनियम. शेणखतातले जिवाणू शेण कुजवून हेच दोन पदार्थ बनवतात. युरिया मातीत पडला की युरिएज नावाचं एन्झाइम काही दिवसांत त्याचं अमोनियम करतं आणि पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. रस्ते दोन, स्टेशन एकच.

त्यामुळे युरियावर वाढलेल्या पालकाच्या पानात युरिया दबा धरून बसलेला असतो, ही भीती डोक्यातून काढून टाका. वाफ्यात टाकला तो युरिया, पानात पोचलं ते नायट्रेट. मग त्या नायट्रेटचं काय? थांबा, तिथेच तर खरी गंमत आहे. त्यावर सावकाश येऊ.

युरिया? तो तर तुमच्यातही आहे!

धक्का बसला? तुमचं शरीर रोज अंदाजे 20 ते 30 ग्रॅम युरिया लघवीवाटे बाहेर टाकतं. 1773 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रुएल याला युरिया सापडला तो लघवीतच. 1828 मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिश वोलरने तो चक्क प्रयोगशाळेत बनवला. सजीवांच्या शरीरात बनणारी वस्तू काचेच्या भांड्यात तयार! सगळं विज्ञानजगत अवाक झालं.

टाचांच्या भेगांवरची क्रीम घरात आहे? ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच क्रीममध्ये युरिया असतो, कारण तो त्वचेत ओलावा धरून ठेवतो. दुधात? तिथेही निसर्गतःच थोडा असतो. म्हणून तर भेसळ पकडण्यासाठी दुधातल्या युरियाला 700 पीपीएमची मर्यादा घालून दिली आहे. त्याच्या वर गेला की संशय घ्या, कुणीतरी भेसळ केलीय.

आता एक घरबसल्या जादू. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दोन चमचे युरिया टाका, ढवळा आणि ग्लास धरा. थंडगार! युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. पोरांना दाखवा, मग ग्लास साबणाने स्वच्छ धुवा. प्यायचं मात्र अजिबात नाही!

आणि दाण्यांचा तो हलका पिवळट-हिरवट रंग? ती कडुनिंबाच्या तेलाची कृपा. 2015 पासून देशात युरियाला शंभर टक्के नीम कोटिंग सक्तीचं झालं. त्यामुळे नत्र मातीत हळूहळू सुटतं. शिवाय अनुदानाचा युरिया प्लायवूडच्या डिंकासाठी कारखान्यांकडे पळवला जायचा, त्यालाही आळा बसतो. कडू निंब, गोड काम!

म्हशीला चालतो, पण...

घोडेगावच्या बाजारातून म्हैस घेऊन जाणाऱ्यांसाठी खास नगेट. माहीत आहे का, रवंथ करणारं जनावर युरियापासून प्रथिनं बनवू शकतं? काम करतात पोटातले सूक्ष्मजीव. म्हणूनच वाळल्या चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करतात. 100 किलो चाऱ्याला 4 किलो युरिया, पाण्यात विरघळवून शिंपडायचा, चारा दाबून झाकायचा आणि तीन आठवडे हात लावायचा नाही. निकृष्ट चारा पौष्टिक होतो.

पण तोच युरिया जनावराने पोत्यातून नुसता चाटला, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. युरिया भिजवलेली बादली गोठ्यात उघडी ठेवणं म्हणजे थेट धोक्याला आमंत्रण. इथे विनोद नाही. बादली रिकामी झाली की लगेच धुवा, आणि पोतं गोठ्यापासून लांब ठेवा.

पोत्यावरचे आकडे वाचता येतात?

18:46:0. 10:26:26. 19:19:19. बसचे नंबर नव्हेत, खताची कुंडली आहे ही! पहिला आकडा नत्र, दुसरा स्फुरद, तिसरा पालाश. नत्र म्हणजे पानांची हिरवळ, स्फुरद म्हणजे मुळं आणि फुलं, पालाश म्हणजे झाडाचा दमसास आणि फळांचा कस.

आता ट्विस्ट. डीएपीच्या पोत्यावरचं 46 म्हणजे 46 टक्के स्फुरद नव्हे! जुन्या रसायनशास्त्रज्ञांना सगळं ऑक्साइडच्या हिशोबात मांडायची सवय होती, ती पोत्यांवर आजही टिकून आहे. प्रत्यक्ष मूलद्रव्य मोजलं तर स्फुरद भरतं जेमतेम 20 टक्के. नत्राचा आकडा मात्र सरळ आहे. युरियात 46 टक्के म्हणजे 46 टक्केच.

आणि शेणखतात? साधारण अर्धा टक्का. म्हणजे एका किलो युरियातल्या नत्रासाठी नव्वदेक किलो शेणखत लागतं. आता कळलं, सायकलच्या कॅरिअरवर काय बसतं आणि बैलगाडीला काय लागतं?

कुंडीला किती? ऐकून खुर्ची धरा!

हे कॅल्क्युलेशन कात्री घेऊन कापून ठेवण्यासारखं आहे.

कांद्याला हेक्टरी 100 किलो नत्र, ही आपल्याकडची वर्षानुवर्षांची शिफारस. हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. भागाकार करा. एका चौरस मीटरला 10 ग्रॅम नत्र, म्हणजे अंदाजे 22 ग्रॅम युरिया. तोही एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. बारा इंची कुंडीचं तोंड किती? एक चौरस मीटरचा चौदावा हिस्सा. तिच्या वाट्याला अख्ख्या हंगामात येतो दीड ग्रॅम युरिया!

दीड ग्रॅम म्हणजे चहाचा अर्धा चमचासुद्धा नाही.

आणि आपण काय करतो? शेतातल्या पोत्यातून मूठ भरतो आणि ‘घे गं बाई’ म्हणत तुळशीशेजारच्या टोमॅटोला वाढतो. ती मूठ तीस-चाळीस ग्रॅमची. म्हणजे वीसपटीहून जास्त! शेतात मूठ चालते, कारण ती विखरून पडते. कुंडीत ती एकाच झाडाच्या बोडख्यावर पडते.

मग काय होतं? खत म्हणजे शेवटी क्षार. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, उलट मुळांतलंच पाणी बाहेर येऊ लागतं. कुंडी ओली, झाड तहानलेलं! पानांच्या कडा आधी तपकिरी होतात, मग कागदासारख्या करकरीत. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी पापुद्री दिसली, नखाने खरवडली की पिठासारखी सुटली, तर ओळखा, ओव्हरडोस झालाय. इलाज सोपा आणि फुकट. कुंडीत भरपूर साधं पाणी ओता, खालच्या भोकातून वाहून जाऊ द्या, पुन्हा ओता. जास्तीचे क्षार पाण्याबरोबर निघून जातात.

टिप हवी? कुंडीसाठी 19:19:19 सारखं विद्राव्य खत लिटरला एक-दोन ग्रॅम घ्या, तेही पंधरवड्यातून एकदा, आणि माती आधीच ओली असताना. भर दुपारी, सुकलेल्या मातीत खत? नो, नो, नो!

हिरव्या पानांतला हिशोब

आता तो नायट्रेटचा राहिलेला मुद्दा. इथे थोडं थांबू, कारण सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे.

माहीत आहे का, आपल्या पोटात जाणारं बहुतांश नायट्रेट भाज्यांतूनच येतं? पालक, मेथी, माठ, मुळा, बीट ही मंडळी नायट्रेट साठवण्यात पटाईत. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी? यांच्यात ते फारच कमी. म्हणजे ‘घरच्या भाजीला खत’ हा प्रश्न खरं तर दोन प्रश्न आहेत. फळभाजीसाठी जवळजवळ निश्चिंत राहा. पालेभाजीसाठी हात आखडता घ्या.

किती आखडता? जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने दर किलो वजनाला रोज 3.7 मिलिग्रॅम नायट्रेट आयुष्यभर पचतं. साठ किलोच्या माणसाला 222 मिलिग्रॅम. युरोपात तर ताज्या पालकात किलोमागे 3,500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असेल तर तो विकताच येत नाही. पालकाला स्पीड लिमिट!

घाबरलात? घाबरू नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2008 मध्ये सगळा हिशोब मांडला आणि सांगितलं, भाज्यांचा फायदा नायट्रेटच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. त्यात भर म्हणजे, नायट्रेट सर्वस्वी व्हिलनही नाही! शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, रक्तवाहिन्या सैलावतात. बीटाचा रस पिऊन सायकलपटू शर्यतीत उतरतात ते याच कारणासाठी.

मग जपायचं कुणाला? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. नायट्रेटचं नायट्राइट झालं की रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायचं विसरतं, आणि बाळ निळसर पडतं. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवातल्या डॉक्टर कॉम्ली यांनी हे पहिल्यांदा मांडलं. गुन्हेगार निघालं विहिरीचं पाणी! म्हणून भारतात पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा आहे. खताचा मारा जास्त असलेल्या बागायती पट्ट्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तपासणं हे वाफ्यातल्या पालकापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. बाळाचं दूध त्याच पाण्यात कालवलं जात असेल तर आधी तपासणी करा, बाकी सगळं नंतर.

आता जरा टाळीची वाक्यं. पालेभाजी पहाटे तोडू नका, संध्याकाळी तोडा! पानातलं नायट्रेट वापरून टाकणारं एन्झाइम उजेडात जोमाने काम करतं, त्यामुळे दिवसभर ऊन खाल्लेल्या पानात नायट्रेट कमी असतं. सावलीतल्या वाफ्यात, ढगाळ हवेत ते साठून राहतं. गच्चीवरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पालक लावून वर युरिया मारणं हे कॉम्बिनेशन सगळ्यात वाईट.

देठात नायट्रेट जास्त, पानात कमी. उकळून पाणी काढून टाकलं तर आणखी कमी. आणि शिजवलेली पालकाची भाजी रात्रभर ओट्यावर? नको! जिवाणू तिच्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. लहान मुलांना शिळा पालक तर देऊच नका.

हो, आणि हे महत्त्वाचं: नायट्रेटची ही मेजवानी शेणखताच्या अतिरेकानेही मिळते बरं! वाफा कोंबडखताने भरून काढला तरी पालक नायट्रेटने टम्म फुगतो. सेंद्रिय आहे म्हणून ‘ढीगभर टाका’ असं लायसन्स मिळत नाही.

कांदा रडवतो, त्यात खताचा हात!

कांद्याच्या गावाबद्दल लिहायचं आणि कांद्याला बगल द्यायची? शक्यच नाही.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ बनतो गंधकापासून. मातीत गंधक भरपूर, तर कांदा झणझणीत. गंधक कमी, तर कांदा सौम्य. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला व्हिडालिया कांदा सफरचंदासारखा गोडसर लागतो, कारण तिथल्या रेताड मातीत गंधकच कमी! त्या नावासाठी 1986 मध्ये राज्याने कायदाच केला. ठरलेल्या भागात पिकला तरच तो व्हिडालिया.

आपल्याकडे साधा सुपर फॉस्फेट टाकला की स्फुरदासोबत 11-12 टक्के गंधक बोनस! म्हणजे तुमच्या परसातला कांदा डोळ्यांना किती झोंबणार, हे काही अंशी खताच्या पोत्यावरच ठरतं. आणि अश्रू आणणारं एन्झाइम शोधून काढणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांना 2013 मध्ये इग् नोबेल मिळालं. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस, तेही रडवणाऱ्या कांद्यासाठी!

युरियाचा आणि कांद्याचा आणखी एक हिशोब कांदाचाळवाल्यांना तोंडपाठ आहे. लागवडीनंतर दोन महिने उलटले की नत्र बंद. त्यानंतर युरिया टाकला तर पात तरारते, पण मान जाड होते. जाड मानेचा कांदा नीट मिटत नाही, सुकत नाही आणि चाळीत आधी सडतो. घरच्या दोन वाफ्यांतला कांदाही याला अपवाद नाही. पातीचा कांदा खायचा तर गोष्ट वेगळी!

टोमॅटोचंही तेच. नत्र जास्त झालं की झाड जंगलासारखं माजतं, फुलं रुसतात, आणि कोवळ्या लुसलुशीत शेंड्यावर मावा हजर. मावा आला की माणूस धावतो कुठे? औषधाच्या बाटलीकडे. आणि खरा धोका सुरू होतो तो तिथून.

खताला दार नको, औषधाला कुलूप हवं!

घोडेगावच्या शेजारीच शनिशिंगणापूर, बिनदाराच्या घरांचं गाव म्हणून जगभर फेमस. पण कीटकनाशकाच्या बाबतीत कृपया दार लावा, कुलूपही लावा!

खत वेगळं, फवारणीचं औषध वेगळं. खत झाडाचं खाणं, औषध किडीचं विष. घरच्या भाजीबाबत आपण घाबरतो खताला आणि सहज हाताळतो औषध. उलटं हवं! बाटलीवरचा त्रिकोण बघितलाय? लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची बाटली परसबागेत येताच कामा नये. फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडायची नाही, ते लेबलवर लिहिलेलं असतं. शेतात लोक ते पाळू शकतात. परसात? संध्याकाळी पाहुणे आले की सकाळी फवारलेली मेथी कढईत! घरच्या वाफ्यात मावा पडला तर आधी पाण्याची जोरदार धार मारा, मग निंबोळी अर्क. बहुतेक वेळा काम तेवढ्यावर भागतं.

शेण शुद्ध, पण ताजं नको

‘आमची भाजी फक्त शेणावर!’ छान. पण शेण कुजलेलं होतं ना?

ताज्या शेणात ई. कोलायसारखे जिवाणू असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत तर दिवस मोजून दिलेत. भाजी मातीला टेकत असेल तर कच्चं शेण टाकल्यापासून 120 दिवस काढणी नाही, टेकत नसेल तर 90 दिवस. आपली मेथी तर महिन्याभरात ताटात! म्हणून वाफ्यात जायचं ते उकिरड्यात नीट कुजून काळं, भुसभुशीत झालेलं, ज्याला शेणाचा वासही येत नाही असंच खत.

मेथीवरून आठवलं. माहीत आहे का, 2011 मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीमुळे हाहाकार माजला होता? बी इजिप्तहून आलं, मोड आणले एका सेंद्रिय फार्मवर, आणि घातक ई. कोलायमुळे पन्नासहून अधिक माणसं गेली, हजारो आजारी पडली. रासायनिक खताचा इथे काडीचाही संबंध नव्हता.

पाण्याचंही असंच. मुंबईत लोकलच्या खिडकीतून रुळांलगत पालक-माठाचे हिरवेगार पट्टे दिसत आलेत. तिथे डोळे खतावर नको, पाण्यावर ठेवा. नाल्याचं पाणी, त्यातले जड धातू आणि जंतू! त्यापुढे चमचाभर युरिया म्हणजे अगदीच साधा भोळा.

जगातले खतरनाक खतकिस्से

एका दमात वाचा!

पक्ष्यांच्या विष्ठेसाठी लढाई झाली होती! पेरूजवळच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, डोंगरासारखी साचली होती. भारी खत! 1864 मध्ये स्पेनने ती बेटं बळकावली आणि तोफा धडाडल्या. त्याआधी 1856 मध्ये अमेरिकेने कायदाच केला होता: ओसाड बेटावर ग्वानो दिसला की आपल्या नागरिकाने ते देशाच्या नावे करावं!

हवेतून भाकरी! 1909 मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला, 1913 मध्ये जर्मनीत कारखाना धडधडू लागला. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न या एका प्रक्रियेवर उभं आहे.

अंतराळातली परसबाग! ऑगस्ट 2015 मध्ये अंतराळवीरांनी आंतरराष्ट्रीय स्थानकावर स्वतः पिकवलेलं लाल लेट्यूस खाल्लं. कशावर पिकवलं? मातीच्या भाजक्या दाण्यांत मिसळलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या रासायनिक खतावर! तिथे म्हैस कुठून आणणार?

श्रीलंकेने मे 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका झटक्यात बंद केली. भाताचं पीक कोसळलं, शेतकरी रस्त्यावर आले आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. सेंद्रियकडे जायचा रस्ता आहे, पण तो उडी मारून पार होत नाही.

आणि हा माझा फेवरिट. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाचं एक शेत आहे. तिथे 1843 पासून गव्हाचा एकच प्रयोग चालू आहे! एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्याला रासायनिक, तिसऱ्याला काहीच नाही. निकाल? शेणखत आणि रासायनिक, दोघांचं उत्पन्न बराच काळ खांद्याला खांदा लावून चाललं. पण शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब दुपटीच्या वर गेला. आणि आजच्या सुधारित वाणांनी सर्वात जास्त गहू दिला कुठे? शेणखत अधिक थोडं रासायनिक नत्र, अशा जोडीवर. दोन्ही गटांनी टाळ्या वाजवाव्यात असा रिझल्ट!

मग सेंद्रियचा फायदा काहीच नाही?

आहे ना! 2014 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले. सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा जड धातू कमी आढळला. फॉस्फेटच्या खडकात निसर्गतःच कॅडमियम असतं, तिथून ते खतात येतं. युरोपने 2022 पासून त्यावर मर्यादा घातली. परसबागेतल्या चमचाभर डोसाने भीती वाटावी असं काही नाही, पण त्याच वाफ्यात दरवर्षी डीएपी ओतत राहायचंही काही कारण नाही. स्फुरद मातीत टिकून राहतं. एकदा पुरेसं झालं की थांबा!

आणि आपल्या मातीला भूक कशाची आहे? सेंद्रिय कर्बाची! नगर जिल्ह्याच्या चुनखडीच्या, विम्ल जमिनीत तो कमीच. म्हणून तर धनगरांची मेंढरं रात्री शेतात बसवायची आणि बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, ही पद्धत आजही टिकून आहे. खताची होम डिलिव्हरी, तीही चार पायांवर! लेंडी आणि मूत थेट वावरात, वाहतूक खर्च शून्य.

जीवामृत ऐकलंय ना? सुभाष पाळेकरांनी लोकप्रिय केलेलं. पाळेकर विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यातले, 2016 चे पद्मश्री. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर बांधावरची माती, 200 लिटर पाण्यात. उसाच्या पट्ट्यात गुळाला काय तोटा! आणि आपल्या नगर जिल्ह्याच्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, आपल्या बीजमाता, यांनी तर गावरान बियाण्यांची बँकच उभी केली आणि घराघरातल्या परसबागेला मानाची जागा मिळवून दिली.

पिवळं पान दिसलं की युरिया? थांबा!

ही चूक घरोघरी होते. खालची, जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी. पण वरची, नवी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्या? मग झाडाला हवंय लोह! चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असलं तरी मुळांना ते मिळत नाही. तिथे युरिया ओतून उपयोग शून्य. हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेटची हलकी फवारणी करा आणि आठवड्याभरात फरक बघा. न्हाणीच्या साबणाच्या पाण्यावरच्या अळूला हे दुखणं जास्त, कारण साबणातला सोडियम माती आणखी विम्ल करतो. आठवड्यातून एक-दोनदा त्याला साधं पाणी पाजा.

अंदाजपंचे नको असेल तर माती तपासा! घोडेगावकरांची तर चैन आहे. सोनईमार्गे निघालात की राहुरी, आणि तिथे आहे 1968 मध्ये स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. फुले समर्थ हा कांद्याचा वाण त्यांचाच. मृदा आरोग्य पत्रिकेत तर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह अशा 12 गोष्टींचे मार्क मिळतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त विषय!

नमुना कसा घ्यायचा? वरचा पालापाचोळा बाजूला करा. इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खोल खड्डा घ्या, त्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत मातीचा पातळ थर खरवडा. परसात चार-पाच ठिकाणी हेच करा, उकिरड्याजवळची आणि झाडाखालची जागा टाळा. सगळी माती सावलीत वाळवा, एकत्र कालवा, त्यातली अर्धा किलो घ्या आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरा. चिठ्ठीवर नाव, गाव आणि पुढे काय लावणार ते लिहा. खताच्या रिकाम्या गोणीत मात्र चुकूनही भरू नका, नाहीतर रिपोर्टमध्ये मातीऐवजी गोणीचेच मार्क येतील!